डबा अजून आमच्याकडेच आहे, काका

काका, शालोम.

नाव लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं काका. पेणकडची चार माणसं तरीही ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

परवा बाबांच्या कद्दिशचे, म्हणजे गेलेल्या माणसासाठी रोज म्हणायच्या प्रार्थनेचे, अकरा महिने पुरे झाले. सकाळी उठलो आणि ओठ आपोआप हलायला लागले, मग आठवलं की आता म्हणायचं नाही. तेव्हा ठरवलं, त्या दिवशी तुम्हाला जे बोललो नाही ते लिहून टाकायचं.

तो शुक्रवार होता. आषाढाचा पाऊस, रस्त्यात पाणी आणि सूर्य मावळून शब्बाथ, आपला विश्रांतीचा दिवस, लागायच्या आत बाबांना माती द्यायची. कद्दिशला दहा पुरुष हवेत. अलिबागजवळच्या आमच्या गावात एके काळी बेने इस्राएलांची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंची, अख्खी आळी होती. १९४८ नंतर एकेक घर इस्राएलला गेलं. उरलो आम्ही आणि दोन म्हातारे. मी मुंबईच्या एका संस्थेला फोन लावला. माणसं पाठवा, गाडीभाडं मी देतो, एवढंच मागणं. उत्तर मिळालं, अर्ज करा, सोमवारी कमिटी बसते.

सोमवारी!

तुम्ही सकाळच्या एसटीने निघालात, वाटेत पोयनाडला उतरून दोघांना घरातून उठवून आणलंत, बाकीच्यांना फोन करून करून हैराण केलंत. अंगणात छत्रीखाली उभं राहून माणसं मोजलीत ती आकड्यांनी नाही, आपल्या रीतीने, स्तोत्रातल्या दहा शब्दांच्या ओळीवर: ‘होशिया एत अम्मेखा...’ एकेका माणसावर एकेक शब्द. शेवटचा ‘हाओलाम’ म्हणताना बोट स्वतःच्या छातीवर आलं. शेजारची आगरी पोरं चिखलात खणून दमली होती. त्या दहांत ती धरली जात नाहीत, पण त्यांच्याशिवाय बाबांना जागा मिळाली नसती.

हे सगळं मोठंच. पण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही ते अंडं.

कबरस्तानातून आलो. सुतकाच्या रीतीने फाडलेल्या सदऱ्यात मी जमिनीवर बसलो होतो. तुम्ही पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्टीलचा डबा काढलात. पहिला घास स्वतःच्या घरचा खायचा नाही, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तुम्ही पहाटे उठून अंडी उकडून आणली होती. एक घेतलंत आणि सोलायला बसलात. तुमचा हात कापत होता. कवचाचा एक बारीक तुकडा चिकटून राहिला, तो नखाने काढलात. मग अंडं माझ्या तळहातावर ठेवून म्हणालात, “मीठ नाही. खा.” तोवर मी रडलो नव्हतो.

तालमूदमध्ये, आपल्या धर्मग्रंथात, म्हटलंय की गेमिलूत हसादीम, म्हणजे माणुसकीने करणं, हे दानापेक्षा तीन परींनी मोठं. दान पैशाने होतं, हे पैशानेही होतं आणि देहानेही. दान गरिबाला, हे गरीब-श्रीमंत दोघांना. दान जिवंत माणसाला, हे मेलेल्यालाही. तुम्ही काही हे वाचून आला नव्हतात, मला ठाऊक आहे.

संस्थेचा चेकही आला बरं का. दोन महिन्यांनी, आईला स्टेजवर बोलावून, पाठीमागे बॅनर, फोटोसाठी चेक दोनदा हातात. घेणाऱ्याला देणारा कळू नये आणि देणाऱ्याला घेणारा, असं दान रामबामने, त्या जुन्या धर्मपंडिताने, किती वरच्या पायरीवर ठेवलंय! आईने पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता. फोटोत तेवढंच दिसतं.

सगळ्याच संस्थांवर राग काढत नाही. बाबा माझगावच्या शाळेत शिकले, ती १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी काढली नसती तर बाबा भाताच्या खाचरातच राहिले असते. पण केहिमकर आपल्यातलेच होते, माणसं ओळखणारे. कमिटीला आमचं घरही माहीत नव्हतं.

वर्ष सरलं की घरी मलिदा आहे. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, आई नेहमीसारखं जास्तच करील. डबा रिकामा परत पाठवायचा नाही, असं तिने सांगितलंय, म्हणून तो अजून फडताळात आहे. यायचं यायचं म्हणून टाळू नका. एसटीच्या स्टँडवर मी घ्यायला येतो.