एका साच्याच्या गाड्या आणि पोकोनोचा शनिवार-रविवार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींवरचा लेख वाचला. शोरूममधली गाडी ट्रॅकवर पळायची तेव्हा खरी मजा होती, आता सगळ्या गाड्या एका साच्यातून काढतात, असा लेखकाचा सूर आहे. गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला दुखणे दुसरीकडेच दिसते.

मुळात शोरूमच्या गाडीचा तो सुवर्णकाळ कधीचा? १९ जून १९४९ रोजी शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर नॅसकारच्या ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ (म्हणजे शोरूममधून निघते तशीच गाडी) गटाची पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला. तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगांशी केलेली करामत सापडली (चोरटी दारू वाहणाऱ्यांच्या गाड्यांत असे प्रकार सर्रास चालत) आणि विजय लिंकनवाल्या जिम रोपरला गेला. म्हणजे नियमाला पहिल्याच दिवशी भोक पडले. १९७० पर्यंत तर उलटी गंगा वाहू लागली. प्लिमथने लांब नाकाची, मागे उंच पंखाची सुपरबर्ड काढली ती शर्यतीसाठी. शर्यतीत उतरवायची गाडी ठरावीक संख्येने विकलीही पाहिजे, या नियमापुरत्या सुमारे १९०० गाड्या रस्त्यावर विकायच्या होत्या. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा काही डीलरांनी नाक आणि पंख उतरवून त्या साध्या करून खपवल्या.

आजची गोष्ट घ्या. टोयोटा कॅमरी आपल्याकडेही शोरूममध्ये मिळते. अडीच लिटरचे चार सिलिंडरचे हायब्रिड इंजिन, ताकद पुढच्या चाकांना. नॅसकारमधल्या कॅमरीत ५.८ लिटरचे व्ही-८ इंजिन, ताकद मागच्या चाकांना, दरवाजे उघडत नाहीत आणि हेडलाइट म्हणजे नुसती स्टिकरे. शेव्हरोलेने कॅमॅरोचे उत्पादन २०२३ च्या डिसेंबरात थांबवले, तरी ट्रॅकवर ती पुढेही धावत राहिली. नुसत्या नावापुरत्या या पाट्यांना माझी हरकत नाही. प्रेक्षकाला कुणाच्या तरी नावाने ओरडायचे असते.

साचा एक करण्यामागे कारणही सबळ होते. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत नामांकित चालक डेल अर्नहार्ट अपघातात गेले. पुढे २००७ मध्ये आलेली ‘कार ऑफ टुमारो’, म्हणजे नॅसकारने सर्वांसाठी ठरवलेली एका साच्याची गाडी, दिसायला ठोकळा होती. ब्रिस्टलच्या ट्रॅकवर तिची पहिली शर्यत जिंकणाऱ्या काइल बुशनेच तिला नावे ठेवली. पण तिची केबिन मोठी होती, चालक दारापासून आत सरकवलेला होता. २००८ मध्ये टेक्सासला मायकल मॅकडॉवेल पात्रता फेरीत भिंतीवर आदळला, गाडीने कोलांट्यांवर कोलांट्या खाल्ल्या आणि तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला. ते फुटेज पाहिल्यावर ‘जुने ते सोने’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खरी अडचण २०२२ च्या ‘नेक्स्ट जेन’ गाडीपासून सुरू होते. पूर्वी टीम स्वतः चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, बांधत. आता चॅसी, बॉडी, सस्पेन्शन सगळे ठरलेल्या व्हेंडरकडून घ्यायचे आणि जोडायचे. हात लावला तर दंड. त्याच वर्षी मार्चमध्ये चालक ब्रॅड केसेलोव्स्कीचे अशाच एका भागातल्या फेरफारासाठी १०० गुण कापले गेले. खर्च आटोक्यात राहावा म्हणून हे ठीक. पण आमच्या लाइनवरही एकाच व्हेंडरचा लॉट खराब निघाला की एक गाडी नव्हे, अख्खी लाइन अडकायची.

पोकोनोच्या ट्रॅकवर जुलै २०२२ मध्ये नेमके हेच झाले. शनिवारी पात्रता फेरीत कर्ट बुशची गाडी मागच्या बाजूने भिंतीवर गेली. मागचा भाग हवा तितका चेपत नाही, धक्का थेट माणसाला बसतो, ही चालकांची तक्रार होतीच. बुशच्या मेंदूला इजा झाली आणि चॅम्पियन राहिलेल्या या माणसाला पुढच्या वर्षी निवृत्ती जाहीर करावी लागली. रविवारी शर्यत डेनी हॅम्लिनने जिंकली. तपासणीत त्याच्या गाडीच्या पुढच्या भागावर जादा चिकटपट्टीचा थर सापडला आणि विजय काढून घेतला गेला. नॅसकारच्या मुख्य मालिकेत १९६० नंतर प्रथमच विजेता अपात्र ठरला. चिकटपट्टी त्याच दिवशी पकडली गेली. मागचा सांगाडा मऊ करायला पुढचा हंगाम उजाडावा लागला, आणि दरम्यान सप्टेंबरमध्ये अ‍ॅलेक्स बोमनही तशाच धडकेत जायबंदी झाला. पूर्वी अशी चूक एका टीमच्या गॅरेजपुरती राहिली असती, शेजारची टीम वेगळे काही करून दाखवू शकली असती. इथे ३६-३७ गाड्यांत एकच सांगाडा.

म्हणून साचा एक असावा, पण चालकाच्या जिवाशी संबंध असलेल्या भागात टीमला स्वतःची दुरुस्ती सुचवून, चाचणी करून, हंगाम चालू असतानाच मंजूर करून घेता यावी. मंजूर झालेली दुरुस्ती सर्वांना लागू करा, म्हणजे कुणाला फायदा मिळाल्याची ओरड नको. बॉडीचा आकार शोरूमशी जुळतो की नाही, यावर पान-पान खर्च करणाऱ्या आपल्या लेखकांनी पुढच्या वेळी याविषयीही लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, चिंचवड