बंड्याच्या चालीखाली नाव कुणाचं?

प्रिय सुध्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, म्हणून शिव्या घालत असशील. घाल. तब्येत बरी, गुडघे कुरकुरतात, शुगर गोळीवर आहे. आता मुद्द्याचं.

परवा कॉलेजच्या मेळाव्यात एका पोराने आपल्या बंड्याने बांधलेली चाल म्हटली. तीच, गच्चीवर बादली बडवत आपण म्हणायचो ती. गायला झकास, मेला. पण निवेदिका काय म्हणाली? 'पारंपरिक चाल'! बंड्या असता तर माईकच हिसकावला असता.

रात्री झोप नाही. डोक्यात 'दोज वेअर द डेज' हे गाणं आणि त्यावरून तुझं-माझं भांडण, मिसळीची पैज. तू म्हणायचास बीटल्सचं, मी म्हणायचो चाल रशियन, आमच्या रशियनच्या बाई गुणगुणायच्या. तर ऐक. 1968 सालची ती रेकॉर्ड बीटल्सच्याच ॲपल कंपनीची, निर्माता बीटल्सचाच पॉल मॅकार्टनी. गायली वेल्सची अठरा वर्षांची मेरी हॉपकिन. टीव्हीवरच्या स्पर्धेत तिला पाहून ट्विगी या मॉडेलने पॉलला तिचं नाव सुचवलं. ब्रिटनमध्ये तिने पॉलच्याच 'हे जूड' या बीटल्सच्या गाण्याला पहिल्या नंबरावरून हुसकावलं, अमेरिकेत 'हे जूड'नेच तिला दुसऱ्यावर रोखलं. पॉलची कुस्ती पॉलशीच!

पण चाल? ती मॉस्कोच्या बोरिस फोमिनची, 1920च्या दशकातली. मूळ शब्द पोद्रेव्स्कीचे. त्यात घुंगरांची त्रोइका, म्हणजे तीन घोड्यांची गाडी, आणि लांबलचक रस्ता. जीन रास्किन नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टने त्यावर इंग्रजी शब्द लिहिले, त्रोइकेच्या जागी गुत्ता आणला आणि बायकोबरोबर क्लबांत गायला लागला. लंडनमधल्या अशाच एका क्लबात पॉलने ते ऐकलं. रेकॉर्डवर नाव एकट्या रास्किनचं. फोमिन तर 1948 मध्येच गेलेला. रास्किनचे शब्द फर्मास आहेत, मान्य. पण खाली फोमिनचं नाव घालायला शाई कितीशी लागली असती?

मेळावा संपल्यावर संयोजकाला गाठलं. तो म्हणतो, "काका, पुरावा आहे का?" बंड्याने कधी काही लिहून ठेवलंय? सरगम तू उतरवलीस, मेकॅनिक्सच्या जर्नलच्या मागच्या पानावर, चहाच्या गोल डागाशेजारी. अंतऱ्यातला कोमल निषाद तू खोडून शुद्ध केलास, म्हणून बंड्या तुझ्याशी बोलायचा बंद झाला होता! (कोमलच बरोबर होता. परवा त्या पोरानेही कोमलच लावला.) पानाच्या कोपऱ्यात बंड्याने सही केल्याचं मला पक्कं आठवतंय, मेसचं बिल चुकवणारा माणूस, पण सही मात्र जिथे-तिथे.

ते जर्नल तुझ्याकडेच आहे. वहिनींना सांग, हा माळा उपसत नाही तोवर याला जेवायला वाढू नका. सापडलं की त्या पानाचा फोटो काढ, सही नीट दिसू दे. संयोजकांशी मी भांडतो, तू फक्त पान शोध. आणि बंड्याच्या आईला एवढ्यात काही कळवू नकोस.

तुझ्या लेकीचं लग्न ठरल्याचं कळलं, अभिनंदन! तारीख कळव. बदलीचं काय झालं?

तुझा,
विन्या

ता. क. मिसळीची पैज निम्मी-निम्मी. तर्रीचे पैसे तुझे.