बोबानची नुसती उंचीच का छापता?

संपादक साहेब नमस्कार,

क्रीडा पानावर बास्केटबॉलवाल्या बोबान मार्यानोविचचा फोटो बघितला, बरं वाटलं, पण खाली ओळ काय तर उंची 7 फूट 4 इंच आणि पंजा केवढा मोठा, झालं, संपलं. अहो तो काय सर्कशीतला आहे का? खेळाडू आहे तो, आणि खेळाबद्दल एक अक्षर नाही.

हा सर्बियातल्या बोल्येवात्स नावाच्या छोट्या गावचा पोरगा. 2010 ला मॉस्कोच्या सीएसकेए सारख्या मोठ्या क्लबात गेला पण तिथं काही जम बसला नाही, मग लिथुआनिया, मग परत रशियात नीझनी नोव्हगोरोद, असं फिरत फिरत शेवटी मायदेशीच आला. लोकांनी तेव्हाच ठरवलं असणार की नुसता उंच आहे, बाकी काही नाही. आणि मग बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबकडून 2014-15 च्या युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, मॅचमागे सरासरी 16.6 पॉइंट आणि 10.7 रिबाउंड (चुकलेला शॉट परत पकडणं), एका सीझनमध्ये 16 डबल-डबल, म्हणजे एकाच मॅचमध्ये पॉइंट आणि रिबाउंड दोन्ही दहाच्या घरात, तो तेव्हाचा रेकॉर्ड होता. नुसत्या उंचीवर हे होत नाही हो, बास्केटखाली जागा धरायला आणि बॉल हातात आल्यावर घाई न करायला अक्कल लागते.

त्याच वर्षी सॅन अँटोनियोच्या टीमने त्याला एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये नेलं. 54 मॅच खेळला पण सरासरी मिनिटं किती तर 9.4! त्यात 5.5 पॉइंट. हेच मुख्य खेळाडूसारखी 36 मिनिटं मिळाली असं धरलं तर 21 च्या वर जातं. आता कोणी म्हणेल हा हिशोब फसवा आहे, समोर बेंचवरचे राखीव खेळाडू असायचे, आणि ते खरंय थोडंफार. लांबून टाकायच्या तीन पॉइंटवाल्या शॉटच्या, पळापळीच्या खेळात एवढ्या मोठ्या माणसाला बाहेरपर्यंत धावत जाऊन डिफेन्स करणं जड जातं, म्हणून कोच त्याला लगेच बसवायचे. तरी 2016 ला डेट्रॉइटने 3 वर्षांचे 2 कोटी 10 लाख डॉलर दिलेच ना, ते काय फोटो काढायला दिले? पुढे क्लिपर्स, फिलाडेल्फिया, डॅलस, ह्यूस्टन, सामान बांधतच राहिला बिचारा.

आणि 11 मार्च 2020 तर कोणी लिहितच नाही. डॅलसची मॅच, समोर डेन्व्हर, म्हणजे त्याच्याच देशाच्या स्टार खेळाडू योकिचची टीम. त्या दिवशी बोबानला एकदाची भरपूर मिनिटं मिळाली आणि पठ्ठ्याने 31 पॉइंट, 17 रिबाउंड काढले, डॅलस जिंकलं. पण मॅच चालू असतानाच बातमी आली की कोरोनामुळे सीझन थांबवला, टीव्हीवर सगळे डॅलसच्या मालकाचा मोबाईल बघतानाचा चेहराच दाखवत बसले. आयुष्यातली सगळ्यात भारी मॅच आणि ती नेमकी त्याच रात्री, याला नशीब म्हणायचं नाहीतर काय!

त्यापेक्षा जास्त लोकांना आठवतं ते एप्रिल 2024 मधलं सँडविच. लॉस एंजेलिसला स्कीम होती की चौथ्या क्वार्टरमध्ये पाहुण्या टीमच्या खेळाडूने लागोपाठ दोन फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट) चुकवले की प्रेक्षकांना चिकन सँडविच फुकट. बोबान तेव्हा ह्यूस्टनकडून खेळत होता, पहिला चुकला, मग याने पब्लिककडे बघून स्वतःकडे बोट दाखवलं आणि दुसरा मुद्दाम चुकवला. मॅच ह्यूस्टननेच जिंकली म्हणून चाललं म्हणा. मलाही तो व्हिडिओ आवडतो, खोटं कशाला बोलू, मी दहा वेळा तरी बघितलाय.

पण पुढच्या वेळी त्याचा फोटो टाकाल तेव्हा खाली 31 आणि 17 लिहा, फूट आणि इंच उरलेल्या जागेत बसतील.

तुमचा रोजचा वाचक
(नाव छापू नये)