बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवाल्या मिस्त्रींना जाहीर पत्र

मिस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मराठी शाळांसाठी करून दिलेले वातकुक्कुट, म्हणजे वारा कुठून येतो ते दाखवणारे फिरते बाण, आता खानापूर, बेळगाव आणि अथणी तालुक्यांत छपरांवर उभे आहेत. ‘एवढंसं काम’ म्हणून तुम्ही मजुरी घेतली नाहीत. ते काम एवढंसं नव्हतं, हे चारचौघांत सांगायचं म्हणून हे पत्र.

वातकुक्कुट बिघडतो तो बहुधा दोन ठिकाणी. नाक आणि शेपूट शाफ्टवर तोललेले नसले की खांब जरासा कलताच जड बाजू उताराकडे जाऊन बसते. मग वारा कुठूनही येवो, बाण तिथेच. तुम्ही शेपटीचा पत्रा मोठा ठेवलात, नाकाला लोखंडी गोळा दिलात आणि तोल बरोबर शाफ्टवर आणलात. दुसरी जागा बेअरिंगची. नव्या ६२०२ क्रमांकाच्या बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस आणि दोन्ही अंगांना रबरी सील असेल, तर मोटरला ते चांगलंच, पण हलक्या झुळकीने ते हलत नाही. तुम्ही सील काढून, बेअरिंग रॉकेलने धुऊन, शिलाई मशीनचं तेल सोडलंत आणि पाणी शिरू नये म्हणून वर पत्र्याची टोपी बसवलीत.

या तेलाच्या चार थेंबांवर भूगोलाचा अर्धा धडा उभा आहे. पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा गंजलेला बाणही फिरवतो. डिसेंबर-जानेवारीतला पूर्वेचा वारा मात्र हलका. जाम बाण जूनमध्ये पश्चिमेकडे वळतो तो तसाच राहतो, आणि मुलांना वाटतं आपल्याकडे वारा कायम घाटाकडूनच येतो.

खरं तर हिवाळ्यातला तो पूर्वेचा वारा पृथ्वीभर चालणाऱ्या फेऱ्याचा भाग आहे. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, उंचावरून ध्रुवांकडे सरकते आणि साधारण ३० अंशांच्या आसपास खाली उतरते. तिथे जमिनीलगत दाब वाढतो. सहारासारखी वाळवंटं त्याच पट्ट्यात आहेत. उतरलेली हवा पुन्हा विषुववृत्ताकडे, कमी दाबाकडे निघते. पण पृथ्वी फिरत असल्याने उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते आणि ईशान्येकडून येते. तेच व्यापारी वारे. १७३५ साली जॉर्ज हेडली या इंग्रज हवामान-अभ्यासकाने याचं कारण पृथ्वीच्या वेगात शोधलं: विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १६७० किमी वेगाने पूर्वेकडे जाते, बेळगावच्या अक्षांशावर सुमारे १६०० किमी, म्हणून विषुववृत्ताकडे निघालेली हवा पश्चिमेकडे मागे पडते. हिशेब चतुर, पण अर्धवट. पूर्व-पश्चिम वाहणारा वाराही उजवीकडेच वळतो, हे त्यातून निघत नाही. ती उणीव भरून काढणारं गणित १८३५ मध्ये कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने मांडलं.

आता गंमत बेळगावची. आपण १६ अंश उत्तरेच्या जरा अलीकडे. हवा वर चढण्याचा पट्टा जानेवारीत आपल्या दक्षिणेला असतो, म्हणून वारा ईशान्य-पूर्वेचा. जुलैत तो उत्तर भारतात गंगेच्या मैदानावर सरकतो आणि आपण त्याच्या दक्षिणेला पडतो. मग दक्षिण गोलार्धातले आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळतात आणि नैऋत्येकडून घाटावर आदळतात. बाण फिरला, कारण आपल्या डोक्यावरून पट्टा सरकला.

अथणीची मुलं हमखास विचारतात, ‘बाण तर घाटमाथ्यावरच्या कणकुंबीसारखाच, मग पाऊस कुठे?’ घाट चढताना हवा निवते, ढग पिळले जातात. पलीकडे, अथणीच्या बाजूला, उतरताना तीच हवा तापते आणि ढग विरतात. दिशा सांगणं हे बाणाचं काम, ओल सांगणं नव्हे.

नवीन दोन शाळांना वातकुक्कुट हवे आहेत. त्यांना दीड इंची जीआय (जस्त चढवलेला) पाइप चालेल, मात्र उत्तरेची खूण पाइपवर वेल्ड करू नका. ती जागेवरच लावू. लोखंडी खांबाजवळ होकायंत्र बिचकतं, म्हणून लांब उभं राहून किंवा मध्यान्हीच्या सावलीवरून. जुन्या सगळ्यांना मेअखेर, वळवाच्या पावसानंतर, तेल द्यायचं आहे. यावेळी बेअरिंगचे पैसे तरी घ्या.

आपले,
सीमाभागातील मराठी शाळांचे भूगोल-विज्ञान शिक्षक