यात्रेतल्या सुईकडे कोण बघणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दत्त जयंतीला सारंगखेड्याची यात्रा सुरू होईल, होळीच्या तोंडावर सातपुड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतील. गोडी शेवेच्या, बांगड्यांच्या दुकानांशेजारी गोंदणारेही बसतील.

खान्देशाला गोंदण नवे नाही. भिल्ल, पावरा बायांच्या कपाळावर, हनुवटीवर ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. शेतकरी घरांतल्या आज्याही हातावरची तुळस दाखवत सांगतात, मेल्यावर सोबत येते ते फक्त गोंदण. त्याच घरात नातीने मनगटावर फुलपाखरू काढले की पोरगी हाताबाहेर गेली म्हणून बोलणी बसतात, आणि नातवाने छातीवर महादेव काढला तर कौतुक! सगळा वाद शोभते की नाही, एवढ्यावरच. सुई कशी होती, हे कोणीच विचारत नाही.

मी आरोग्य सेविका होते, त्यामुळे माझे लक्ष सुईकडेच जाते. एका यात्रेत पाहिलेले सांगते. बॅटरीवर चालणारे मशीन, बाटलीच्या झाकणात काळी शाई, मांडीवर फडके. एका मुलाच्या हातावर नाव काढून झाले. रक्त फडक्याने टिपले, सुई पाण्यात बुचकळून त्याच फडक्याला पुसली आणि पुढच्या मुलीचा हात धरला. झाकणातली शाई तीच. सुई बदला म्हटले तर उत्तर आले, "ताई, धुतली ना!"

धुऊन भागत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस तग धरतो. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीही रक्ताळलेल्या सुईतून पसरू शकतात. बीवर लस आहे, पण मोठ्या माणसांपैकी अनेकांनी ती घेतलेली नाही. सीवर लसच नाही. शिवाय सुई नवी असली तरी ती दुसऱ्याचे रक्त मिसळलेल्या शाईत बुडवली तर काय उपयोग? शाईचे झाकणही प्रत्येकाला वेगळे हवे, हे शहरातल्या चकचकीत टॅटूच्या दुकानांत जाणाऱ्यांनीही डोळ्यांनी बघून घ्यावे.

गोंदल्यानंतर 12 महिने रक्तदान करता येत नाही. शिबिराच्या अर्जात तसा प्रश्न असतो, पण पोरे 'नाही' लिहून मोकळी होतात. लागण ताजी असेल तर ती तपासणीत निसटू शकते, आणि ते रक्त एखाद्या बाळंतिणीला चढते. भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलांनाही कोणीतरी सांगायला हवे की सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू, एवढ्याच जागी कायमचे गोंदण चालते. छातीवरचा महादेव चालत नाही. आदिवासी रूढीच्या गोंदणाचा तेवढा वेगळा विचार होतो.

गोंदणाऱ्यांना हाकलून लावा, असे माझे म्हणणे नाही. त्यांचेही पोट त्यावरच आहे. पण जागेची पावती फाडताना ग्रामपंचायतीने आणि यात्रा समितीने अट घालावी: गिऱ्हाईकासमोर फोडलेली नवी सुई, प्रत्येकाला वेगळी शाई, हातमोजे आणि वापरलेल्या सुया टाकायला जाड डबा. यात्रेत आरोग्य विभागाचे पथक असतेच. त्यातल्या एखाद्या कर्मचाऱ्याने दिवसातून दोनदा या पालांवर फेरी मारावी आणि अट न पाळणाऱ्याचे मशीन त्या दिवसापुरते बंद ठेवायला लावावे. सारंगखेड्यापासूनच सुरुवात करता येईल.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
शहादा, जि. नंदुरबार