बाबा, हो, अजून तेच

ती. बाबांस व ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "अजून तेच एक्सेल?" आई मागून म्हणाली, "असतं त्याचं कॉम्प्युटरचं काहीतरी," आणि मी सुटलो. पण २६ वर्षं झाली, एकदा सांगूनच टाकतो.

बाबा, कारखान्यात तुमच्या टेबलावर ती लांबलचक खतावणी असायची, तिचंच हे भावंड. तुमच्याकडे खाडाखोड चालायची नाही. चुकलेला आकडा छेदायचा, शेजारी सही करायची आणि खालच्या सगळ्या बेरजा पुन्हा. १९७९ साली अमेरिकेत ब्रिकलिन आणि फ्रँक्स्टन या दोघांनी व्हिजिकॅल्क नावाचा कॉम्प्युटरचा प्रोग्राम काढला तो हाच ताप वाचवायला. एक आकडा बदला, बाकीचे आपसूक बदलतात. पुढे लोटस आलं, मग एक्सेल. मी लागलो तेव्हा एका शीटमध्ये ६५,५३६ ओळी मावायच्या, २००७ पासून १०,४८,५७६. लोक त्याही भरतात.

आई, तुझ्या पंचांगात नसलेला एक दिवस आमच्याकडे आहे. शीटच्या एका घरात, म्हणजे चौकोनात, ६० लिहून त्याला तारखेचं रूप दिलं की एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० दाखवतं. १९०० लीप वर्ष नव्हतंच! चूक मूळ लोटसची. लोटसच्या फायली इकडे चालाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून ठेवली, आणि आता काढली तर पुढच्या तारखा एकेक दिवसाने सरकतील. बाबा, आधीच्या कारकुनाची चूक पुढे ओढण्याचा प्रकार तुम्हाला नवा नसेल.

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते. पहिल्या नोकरीत पगाराचं शीट माझ्याकडे होतं. कुणीतरी खाली तीन नावं वाढवली, आणि ओव्हरटाइमच्या रकान्याची बेरीज तीन ओळी अलीकडेच थांबली. तेवढी रोकड बँकेतून कमी आली. पगार हातात वाटायचे तेव्हा. रांगेतले शेवटचे दोघे रिकाम्या पाकिटाकडे बघत उभे राहिले. एक जण म्हणाला, "साहेब, उद्या येऊ का?" ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री तुमचं आठवलं: उभी आणि आडवी बेरीज जुळल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, एक घर असतं. दोन्ही बेरजांमधला फरक शून्य असेल तर हिरवं, नाहीतर लाल. शेजारी लिहितो, 'ताळा'. ऑफिसातली नवी पोरं विचारतात, हे कुठलं फंक्शन, सर?

गणपतीला येतोय, चार दिवस. आई, दुधाचे खाडे तू कॅलेंडरवर गोल करून ठेवतेस, ते तसंच चालू दे, मी त्यात हात घालणार नाही.

आणि बाबा, खतावणीत दर दहाव्या ओळीला तांबड्या पेन्सिलीचं बारीक टिंब द्यायचात. ते कशासाठी होतं?

तुमचा,
बाळू