तांबडीच्या डॉक्टरबाईंना

आदरणीय डॉक्टरबाई,
सप्रेम नमस्कार.

वयानं तुम्ही माझ्या लेकीएवढ्या. पण त्या दिवशी गोठ्यात उभं करून तुम्ही मला जसं झापलंत, तसं सासूबाईंनीही कधी झापलं नव्हतं. त्याचेच आभार मानायला बसले आहे. उघड लिहिते, कारण मी केलेल्या चुका आमच्याकडं घरटी चालल्यात.

मागचा श्रावण. जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला पावसानं उसंत म्हणून दिली नव्हती. माझ्या ११ शेळ्यांतल्या तांबडीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली. संध्याकाळी चरून आली की संत्र्याएवढी, सकाळी बघावं तर निम्मी. कुणी घटसर्प म्हणालं, कुणी नजर लागली म्हणालं. सासूबाईंनी तर डाग द्यायला विळा चुलीत तापत घातला होता. विळा लाल व्हायच्या आत तुम्ही पोचलात, हे तांबडीचं नशीब.

तुम्ही पिशवीला हातही लावला नाहीत. अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी उलटलीत आणि मला विचारलंत, "रंग कसला?" ताकाचा! मग शेजारच्या काळीची पापणी उलटून दाखवलीत. ती पिकल्या पेरूच्या गरासारखी लालसर. पापणी पांढरी म्हणजे अंगातलं रक्त आटलंय, म्हणालात; जठराला चिकटून रक्त पिणारा जंत हा. एक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. रक्त आटलं, त्यातलं प्रथिन उतरलं, की पाणी खाली साठतं. चरताना मान खाली असते म्हणून संध्याकाळी जास्त, रात्रीत ओसरतं. इतकं साधं होतं, आणि आम्ही विळा तापवत बसलो होतो. पापणीवरून रक्त ओळखायचा तो पाच रंगांचा तक्ता दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी मेंढरांसाठी काढला, हेही तुम्ही बोलता बोलता सांगितलंत. मला आता तक्ता लागत नाही, ताक आणि पेरू पुरतात.

मग मी मोठ्या ऐटीत फळीवरची जंताच्या औषधाची बाटली काढली. दर महिन्याला सगळ्यांना एकेक टोपण, चुकवत नाही, म्हणाले. झापणं सुरू झालं ते तिथं.

"तांबडीचं वजन किती?" असेल वीसेक किलो. तुम्ही पोत्याची झोळी करून तिला ताणकाट्याला अडकवलंत. ३१! म्हणजे वर्षभर मी अर्धंमुर्धं औषध पाजत होते. अर्ध्या मात्रेत कच्चे जंत मरतात, चिवट तेवढे उरतात आणि पुढची सगळी अंडी त्या चिवटांची. शेळीला मेंढीपेक्षा औषध जास्त लागतं, हेही मला ठाऊक नव्हतं. शिवाय मी मान आभाळाकडं करून पाजायची. ठसका लागला की औषध फुफ्फुसात जातं, म्हणून जबडा आडवा धरून गालाच्या कडेनं सोडायला तुम्ही शिकवलंत.

औषध बदललंत, पण दिलंत ते चौघींनाच. खरं सांगते, तेव्हा तुम्ही मला कंजूष वाटलात. सात जणींना का नाही? म्हणालात, पापणी लाल आहे त्यांना सोडा, त्यांच्या पोटातल्या कच्च्या जंतांची बी राहू द्या, नाहीतर शिवारात नुसते चिवटच उरतील. हे पटायला मला चार दिवस लागले. तांबडीला मात्र पळवायचं नाही, लांब न्यायचं नाही, जागेवर वैरण, अशी ताकीद होती. अंगात रक्तच नाही, पळाली तर पडेल.

करडांची गोष्ट सांगताना अजून जीव तुटतो. दोघं रक्ताची हागवण करत होती आणि मी त्यांना तीनदा जंताचंच औषध पाजलं होतं. एक तुम्ही यायच्या आदल्या रात्रीच गेलं. दुसऱ्याची लेंडी तुम्ही दवाखान्यात मिठाच्या दाट पाण्यात कालवलीत, वर तरंगलेलं काचेवर घेतलंत आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलंत. बारीक गोल गोल ठिपके. हे जंत नव्हेतच, कॉक्सिडिया नावाचे आतड्यातले बारीक परजीवी. जंताच्या औषधाला दाद देत नाहीत. त्याचं औषध वेगळं, आणि गोठा कोरडा पाहिजे. पाण्याच्या घमेल्यात करडं पाय घालून लेंड्या टाकायची, ते मी रोज बघत होते की! घमेलं उंच ठेवलं, ओली जागा खरवडून काढली. ते करडू वाचलं.

आणि दव. भांगलणीला वेळेवर पोचायचं म्हणून मी सात वाजताच शेळ्या बांधावर बांधायची. लेंडीतली अंडी ओल्या उबेत आठवडाभरात फुटतात आणि जंताची पिलं ओल्या पात्यावर चढून बसतात. म्हणजे मी रोज सकाळी हातानं ताट वाढत होते. आता ऊन चढून दव सुकल्याशिवाय दावं सोडत नाही. तोवर शेवरीच्या आणि उंबराच्या डहाळ्या आढ्याला टांगते. मान वर करून खातात. तशी शेळीची जातच वरचं ओरबाडून खायची.

१४ दिवसांनी पुन्हा लेंडी आणायला लावलीत, औषध लागलं की नाही बघायला. लागलं होतं. फाल्गुनात तांबडी व्याली, दोन्ही पाटी, म्हणजे माद्या. सासूबाई आता स्वतः पापण्या उलटून बघतात आणि मलाच रंग सांगतात.

एक राहिलंच. तुमचा ताणकाटा अजून माझ्याकडंच आहे. बुडवणार नाही, पण गल्लीतल्या दोघींच्या शेळ्यांची वजनं व्हायचीत, तेवढी कळ काढा.

तुमची,
पायथ्याची शेळीवाली